नांव आणि ओळख

श्रावणांतल्या एका सकाळीं, पाऊस उघडून कोंवळें ऊन पडलें असतां, परसांतल्या कढीलिंबाभोंवतीं एक काळें फुलपांखरूं घिरट्या घालीत होतें. मागच्या पंखांवर पांढरे डाग आणि कडेला तांबड्या चंद्रकोरी. "मामा, हें कोणतें?" असें धाकट्या भाचीनें विचारतांच मीं जाणत्याच्या ऐटींत 'कॉमन रोझ' असें सांगून वर्तमानपत्रांत डोकें घातलें. मुलगी मात्र तेथेंच बसून राहिली. कांहीं वेळानें ती म्हणाली, "मामा, तें कोंवळ्या पानांवर एकेक अंडें ठेवतें आहे."

माझें वर्तमानपत्र खालीं आलें. 'रोझ' कढीलिंबावर अंडीं घालीत नाहीं. तिचे सुरवंट ईश्वरीसारख्या विषारी वेलींवर वाढतात. ही होती 'कॉमन मॉर्मन'ची मादी. पक्षी विषारी 'रोझ'च्या वाटेस जात नाहींत, म्हणून तिचें सोंग घेऊन ही निर्विष मादी वावरते. 'रोझ'चें अंग तांबडें असतें, हिचें काळें होतें. पण तेवढें पाहण्याची तसदी मीं घेतलीच नव्हती. नांव ठाऊक होतें म्हणून मीं पाहणें थांबविलें. नांव ठाऊक नव्हतें म्हणून ती पाहत राहिली. मग नांव हें ज्ञानाला साह्यकारी कीं विघातक?

हा प्रमाद केवळ हौशी माणसाचाच आहे असें नाहीं. कार्ल लिनियस या स्वीडिश पंडितानें इ. स. १७५८ च्या आपल्या ग्रंथांत प्राण्यांना दोन पदांचीं लॅटिन नांवें दिलीं. त्याच ग्रंथांत या एका जातीला मात्र पॉलिटीस आणि पॅम्मॉन अशीं दोन नांवें पडलीं. दूरदेशांहून आलेल्या सुक्या नमुन्यांवरून नर व मादी त्याला भिन्न जाती वाटल्या. १७७५ मध्यें क्रॅमरनें मादीच्या आणखी एका रूपाला रोम्युलस हें तिसरें नांव दिलें. एकाच जातीच्या माद्या अनेक रूपांच्या असूं शकतात, हें वॉलेसनें १८६५ मध्यें सप्रमाण मांडलें.

नांवें वस्तूचें वर्णन करितात म्हणावें, तर तेंही खरें नव्हे. २०१५ मध्यें महाराष्ट्रानें ज्याला राज्य-फुलपांखराचा मान दिला, त्या निळ्या देखण्या जीवाचें शास्त्रीय नांव पॉलिम्नेस्टर. हा ग्रीक कथांतला थ्रेसचा राजा. आश्रयास ठेवलेल्या ट्रॉयच्या राजपुत्राचा सोन्याच्या लोभानें घात करणारा! शास्त्राच्या संकेताप्रमाणें केवळ शोभत नाहीं म्हणून नांव बदलतां येत नाहीं. आणि तें योग्यच आहे. शास्त्रीय नांव हा निवाडा नव्हे. ती नुसती हांक आहे. लिनियसची चूक वॉलेसनें सुधारावी, आणि मादीचें रूप 'डबलसेक्स' नांवाच्या एका जनुकावर ठरतें हें कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ मध्यें दाखवावें, हें शक्य झालें तें सर्वांची हांक एकाच जीवाला पोंचत होती म्हणून. दोष नांवाचा नाहीं. हांकेलाच निवाडा समजणाऱ्याचा आहे.

फुलपांखरांच्या बाबतींत हा दोष निरुपद्रवी, कारण त्यांना आपलीं नांवें ऐकूं येत नाहींत. माणसांचें तसें नाहीं. शिक्षकाच्या पेशांत असतांना एका मुलाला मीं पहिल्याच आठवड्यांत 'मठ्ठ' ठरविलें, आणि वर्गांत तसें बोलूनही दाखविलें. नंतर वर्षभर मीं त्याच्याकडे पाहिलेंच नाहीं. वर्ष संपतां संपतां कळलें कीं, त्याला फळ्यावरचीं अक्षरेंच दिसत नव्हतीं. चष्मा आला, परंतु तोंवर हात वर करण्याची त्याची संवय मोडली होती. माझी चूक मीं मनांत खोडली, त्याच्या मनांतून ती खोडण्याचा उपाय मला सांपडला नाहीं. लिनियसच्या चुकीला शंभर वर्षांनीं दुरुस्ती मिळाली. मुलाचें बाळपण तितका काळ थांबत नाहीं.

म्हणून नांवें टाकून द्यावींत असें मी म्हणत नाहीं. नांवावांचून विचारही चालत नाहीं आणि संसारही. मात्र नांव उच्चारल्यावर आणखी क्षणभर पाहत राहणें हें कर्तव्य मानावें. आणि ज्याला ऐकूं येतें त्याला नांव ठेवतांना तर तें दुप्पट मानावें.

चार-पांच दिवसांनीं भाचीनें मला कढीलिंबापाशीं ओढून नेलें. पानावर पक्ष्याच्या शिटेसारखें कांहींतरी पडलें होतें. "हें काय?" तिनें विचारलें. उत्तर मला ठाऊक होतें. मीं खालीं बसलों आणि म्हटलें, "थांब, आधीं नीट पाहूं."