कुणाला विचारून?

तुम्ही, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी, पाठवलेले सगळे व्हिडिओ मी पाहिले. एकही अर्धवट न सोडता पाहिले. "बाई, कसे वाटले ते सांगा" असं तुम्हीच लिहिलंत, तेव्हा आता सांगते. ऐकून घ्यायचं आणि मध्ये बोलायचं नाही.

व्हिएतनामवाल्यापासून सुरुवात करू. हा-ज्यांगच्या डोंगरातला घाट, खोल दरीत हिरवीगार नो क्वे नदी, वरून गरगरणारा ड्रोन. मग वळणावर उभी असलेली एक मुलगी, सात-आठ वर्षांची, पाठीवर फुलांची टोपली. तिच्या हातावर तू चॉकलेट ठेवलंस, ती हसली, तू कॅमेरा थेट तिच्या तोंडाशी नेलास आणि खाली लिहिलंस, 'निरागस हास्य'. त्या मुलीचं नाव काय? गाव कुठलं? तिच्या आईला विचारलं होतंस? भर दुपारी, शाळेच्या वेळेत ती घाटात काय करत होती, हा साधा प्रश्न तुला पडला नाही? मी सांगते काय करत होती. तुझ्यासारखे प्रवासी थांबतात, फोटो काढतात आणि हातावर काहीतरी ठेवतात, म्हणून ती पोरं टोपल्या घेऊन उभी असतात. वळणावर उभं राहून चार पैसे मिळत राहिले, तर घरचे तिला वर्गात कशाला बसवतील? तू दिलेलं चॉकलेट ही तिच्या गैरहजेरीची मजुरी आहे, आणि ती तू दिलीस.

हे काही आजचं नाही. १९०० च्या सुमाराला लुमिएर या सिनेमा कंपनीचा चित्रणकार गाब्रिएल व्हेअर याच मुलखात, तेव्हाच्या फ्रेंच इंडोचायनात, हिंडत होता. त्याच्या नावावरचा एक छोटा मूकपट आहे, मिनिटभराचासुद्धा नाही. पांढऱ्या झग्यांतल्या दोन युरोपीय बायका नाणी उधळतायत आणि तिथली मुलं वाकून, एकमेकांना ढकलत ती जमिनीवरून वेचतायत. पाहताना माझ्या पोटात ढवळून आलं. त्या बायका क्रूर दिसत नाहीत. आपण उदार आहोत, मुलांना आनंद देतोय, असंच त्यांना मनापासून वाटत असणार. तुलाही तसंच वाटलं. ज्याच्या पणज्यानं साहेबाचं राज्य सोसलं, तो मराठी मुलगा सव्वाशे वर्षांनी त्याच देशात जाऊन त्या बायकांच्या जागी उभा राहतो, हे मला सहन होत नाही.

आणि तो रस्ता! ज्या रस्त्यावरून मोटारसायकल पळवत तू ओरडत होतास, तो १९५९ ते १९६५ या काळात बांधला गेला. सुमारे १८५ किलोमीटर, आणि बहुतेक काम हाताने, पहार-हातोड्याने. मा पी लेंगच्या ज्या कड्यावरून तू ड्रोन उडवलास, तिथे तरुण मुलं कंबरेला दोर बांधून महिनोन्महिने लटकत होती आणि दगड फोडत होती. त्याआधी वरच्या गावांना खाली यायला धड वाट नव्हती. म्हणून त्याचं नाव 'सुखाचा रस्ता' असं ठेवलं. हा सगळा प्रदेश चुनखडीचा. चुनखडीत पाणी का टिकत नाही, हे मी तुला नकाशा काढून शिकवलंय. तिथली ह्मोंग माणसं खडकांच्या फटींत ओंजळ-ओंजळ माती आणून टाकतात आणि त्यात मका लावतात. तुझ्या चित्रणात तो मका दिसतो. काळ्या सुळक्यांमधून हिरवी पाती डोकावतायत, एकेका फटीत दोन-तीन ताटं. जगातल्या सगळ्यात कष्टाच्या शेतींपैकी एक शेती तुझ्या कॅमेऱ्यात आली, आणि तू तिच्यावर गाणं लावलंस.

आता नैरोबीवाली. किबेरा झोपडपट्टीच्या गल्लीतून चालत, पत्र्याच्या घरांत कॅमेरा घालत तू जे केलंस, त्याला नाव काय दिलंस? 'आफ्रिकेतलं खरं जीवन'. आफ्रिकेत ५४ देश आहेत. कैरोतली प्राध्यापक, सेनेगलचा कोळी, जोहान्सबर्गचा खाणकामगार, नैरोबीच्याच काचेच्या इमारतीत तुझ्यासारखी संगणकावर काम करणारी मुलगी, ह्यांचं जीवन खोटं का? गरिबी दिसली की तीच खरी, हे कुणी शिकवलं? मी तरी नाही. नैरोबी हे शहर १८९९ साली रेल्वेचा तळ म्हणून सुरू झालं आणि त्या रेल्वेसाठी हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त मजूर नेले होते. कित्येक तिथेच मेले. आपल्या माणसांच्या घामावर उभ्या राहिलेल्या शहरात तू चार दिवस राहिलीस, त्याचा एक शब्द नाही. उलट कुणाच्या तरी चुलीपाशी कॅमेरा नेलास. एखादी केनियन मुलगी कॅमेरा चालू ठेवून तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात घुसली असती, तर तुझी आई काय म्हणाली असती?

ऑस्ट्रियातल्या हालश्टाटचा व्हिडिओ तिघांनी पाठवला. तिघांचा एकच कोपरा, तेच तळं, तोच चर्चचा मनोरा. अरे, हे गाव युरोपच्या सुरुवातीच्या लोहयुगाला नाव देणारं गाव आहे. वरच्या डोंगरात हजारो वर्षं मीठ खणतायत. १८४६ साली तिथल्या खाणीचा व्यवस्थापक रामझाउअर याला जुनी दफनभूमी सापडली आणि त्या थडग्यांमधल्या वस्तूंवरून एका अख्ख्या कालखंडाला 'हालश्टाट संस्कृती' म्हणू लागले. ती खाण पाहायला मिळते. तुमच्यातला एकही वर गेला नाही. गेला असता तर एवढ्या चिंचोळ्या काठावर माणसं मुळात का राहिली, हे कळलं असतं. मिठासाठी राहिली. आता त्या गावात जेमतेम सातशे-आठशे माणसं उरलीत आणि गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत पाहुणे येतात. २०२३ च्या मे महिन्यात गावाने वैतागून त्या कोपऱ्यावर लाकडी कुंपण घातलं, तळं दिसूच नये म्हणून. टीका झाली आणि ते काढावं लागलं. पण स्वतःच्या तळ्यापुढे फळ्या ठोकाव्याशा वाटल्या, म्हणजे त्या लोकांचं काय झालं असेल, याचा विचार करा. तुम्ही ज्या दगडी ओट्यावर चढून नाचलात, त्याच्या मागे एक खिडकी आहे. खिडकीत पडदा ओढलेला आहे. तिघांच्याही चित्रणात मी तो पाहिला.

जपानचं तर बोलायलाच नको. फुजीकावागुचिकोमध्ये एका दुकानामागे फुजी दिसतो म्हणून माणसं रस्त्यात उभी राहू लागली, शेजारच्या दातांच्या दवाखान्याच्या छपरावर चढू लागली, तेव्हा २०२४ च्या मे महिन्यात तिथे अडीच मीटर उंच काळी जाळी लावावी लागली. क्योटोतल्या गिऑनच्या खासगी गल्ल्यांत त्याच वर्षी प्रवेशबंदी आली, कारण गेइशांचा पाठलाग करून लोक चित्रण करत होते. पाठलाग! कामावर निघालेल्या बाईचा!

आइसलँडबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण त्या व्हिडिओत तू दोर ओलांडलास. फ्याद्रारग्ल्यूवुर नावाची ती घळ हिमयुग सरताना वितळलेल्या पाण्याने कोरली. तिच्या कडांवर जे मखमली हिरवं दिसतं ते शेवाळ आहे. थंड हवेत, कोवळ्या मातीवर ते इतकं हळू वाढतं की पायाखाली उखडलं तर भरून यायला दशकं लागतात. २०१५ साली जस्टिन बीबरच्या एका गाण्याचं चित्रीकरण तिथे झालं आणि जगभरातून लोक त्याच जागी उभे राहायला निघाले. वाटा चिखलाच्या झाल्या, कडा बोडक्या झाल्या आणि २०१९ मध्ये सरकारला ती जागा काही महिने बंद ठेवावी लागली. दोर त्यासाठी आहेत. तू ओलांडून पुढे गेलीस, हात पसरलेस आणि लिहिलंस, 'निसर्गाशी एकरूप'. तुझे बूट शेवाळात रुतलेले दिसतायत.

तुम्हाला हे माहीत नव्हतं असं म्हणू नका. कासच्या पठारावर मी तुम्हाला नेलं होतं. जांभ्यावरचा तो जेमतेम मातीचा थर हाताने उकरून दाखवला होता, आणि ह्याच्यावर पाय पडला तर पुढच्या वर्षी इथे फूल नाही, असं सांगितलं होतं. तेव्हा तुमच्यातला एकही जण पायवाट सोडून एक पाऊल इकडेतिकडे गेला नव्हता. दहावीतल्या मुलांना जे कळत होतं, ते तिशी ओलांडलेल्या, पासपोर्टवर शिक्क्यांची दाटी झालेल्या माणसांना कळू नये?

आता तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. "बाई, आमच्यामुळे लोकांना घरबसल्या जग दिसतं." ते मला मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. माझ्या शेजारच्या आजी, ज्या आयुष्यात पंढरपूरच्या पलीकडे गेल्या नाहीत, त्या संध्याकाळी नातवाच्या मोबाइलवर नॉर्वेतला सूर्य बघतात आणि रात्रीसुद्धा मावळत कसा नाही असं मला विचारतात. त्या वयातल्या बाईच्या मनात असा प्रश्न उभा राहणं ही फार मोठी गोष्ट आहे. आणि म्हणूनच मला राग येतो. असा प्रश्न जागवायची ताकद तुमच्या हातात आहे, मी खडू आणि फळ्यावर जे जन्मभर करू पाहिलं ते तुम्हाला एका मिनिटात करता येतं, आणि त्या मिनिटात तुम्ही दाखवता काय? तुमचा गॉगल.

दूरचं जगणं दाखवायची विद्या जुनी आहे. पॅरिसमध्ये आल्बेर कान नावाचा एक बँकर होता. १९०९ ते १९३१ या काळात त्याने स्वतःच्या खर्चाने चित्रणकार जगभर पाठवले. लुमिएर बंधूंनीच बाजारात आणलेल्या रंगीत काचांवर त्यांनी सुमारे ७२ हजार छायाचित्रं घेतली, शिवाय फिल्मचा मोठा साठा. स्तेफान पासे नावाचा त्यांच्यातला एक जण १९१३-१४ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानातही आला होता. ह्या सगळ्या कामावर देखरेख कुणाची? झां ब्र्यून नावाच्या भूगोलतज्ज्ञाची. म्हणून त्या चित्रांत बाजार आहेत, नांगर आहेत, घरांची छपरं आहेत, धोबीघाट आहेत, आणि चित्रासोबत नोंद आहे: कुठे घेतलं, कधी घेतलं. त्यांची नजर निर्दोष होती असं मी म्हणत नाही. तो वसाहतींचा काळ होता आणि समोरच्याला नाही म्हणायची सोय नव्हती. पण चित्रणकाराने स्वतःला मध्ये उभं केलं नाही. १९२९ मध्ये सुरू झालेल्या मंदीत कानचं दिवाळं निघालं, तरी तो साठा टिकला आणि आज अभ्यासक त्यावरून शंभर वर्षांपूर्वीचं जगणं वाचतात. तुमच्या व्हिडिओवरून शंभर वर्षांनी कुणाला काय कळेल?

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई घ्या. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८९ मध्ये त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक आलं. त्यात राज्यकारभार आहे, शाळा-कॉलेजं आहेत, बायकांच्या संस्था कशा चालतात ते आहे. विधवा, परदेशी, हातात कॅमेरा नाही, आणि एवढं पाहून आली ती बाई, कारण तिने माणसांना विचारलं. तुम्ही तिच्याच भाषेत बोलता.

आणखी एक. २०२४ च्या जुलैत माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर रील करताना एक तरुण मुलगी दरीत पडली आणि गेली. बचावपथकातली पोरं भर पावसात दोरावरून त्या दरीत उतरली. तुमच्यातल्या एकाने दोनच आठवड्यांनी तसल्याच कड्यावरून पाय सोडून बसल्याचा व्हिडिओ पाठवला होता. त्याचं नाव मी इथे घेत नाही. पुन्हा असं केलंस तर तुझ्या वडिलांकडे मी स्वतः येईन, हे लक्षात ठेव.

आता कामं ऐका. ज्या ज्या व्हिडिओत लहान मुलांची तोंडं आहेत आणि आईबापांना विचारलेलं नाही, ते आज रात्री काढून टाकायचे. सबब चालणार नाही. नैरोबीवाली, शीर्षकात गल्लीचं आणि शहराचं नाव घाल, खंडाचं नाव काढ. हालश्टाटच्या तिघांनी मिठाच्या खाणीवर एकेक पान लिहायचं, कुठून तरी उचलून नाही, स्वतः वाचून. आइसलँडवाली, दोर ओलांडल्याचा भाग काप, आणि आपण तो का कापला ते व्हिडिओखाली लिही.

आणि तू, पुढच्या महिन्यात पेरूला निघाली आहेस. इन्कांच्या वाटेवर प्रवाशांचे तंबू-भांडी वाहून नेणाऱ्या पोर्टरांसाठी पेरूने २००१ साली कायदा केला. एका माणसाच्या पाठीवर वीस किलोपेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही, असं त्यात ठरवलं. तू पैसे भरलेस त्या सहलवाल्यांना उद्या लिही: तुमच्या पोर्टरांच्या पाठीवर किती किलो असतं, वजन कोण करतं, आणि ते रात्री झोपतात कुठे? उत्तर आलं की मला फोन कर. रात्री नऊच्या आत.