बांधावरची वाट

नीतीचे मोठे प्रश्न ग्रंथांत सापडतात. लहान प्रश्न आपल्या दाराशी चालत येतात. दाराशी आले म्हणून ते सोपे असतात असे मात्र नव्हे.

पुण्यामुंबईच्या कित्येक गृहनिर्माण संस्थांच्या दाराशी असा एक प्रश्न रोज सकाळी सातच्या सुमारास येऊन उभा राहतो. आवाराला लागून शाळा असते. आवारातला रस्ता संस्थेचा असतो. त्याचे डांबर, त्यावरचे दिवे, फाटकाशी बसणारा वॉचमन, या सगळ्यांचा खर्च सभासद दरमहाच्या मेंटेनन्समधून देत असतात. परंतु शाळेत जाण्याची सोयीची वाट नेमकी त्या रस्त्यावरून जाते. मग स्कूटरी येतात, रिक्षा येतात, मोटारी येतात. कोणी फाटकात, कोणी वळणावर, कोणी थेट जिन्यासमोर गाडी उभी करतो, आणि पाऊण तास त्या रस्त्याला बाजाराचे रूप येते.

दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. सभासद म्हणतात, "रस्ता आम्ही पैसे खर्चून राखतो. आमच्या म्हाताऱ्या माणसांना या वेळी खाली उतरता येत नाही. उद्या एखाद्याच्या छातीत दुखू लागले, तर रुग्णवाहिकेने आत यायचे कोठून?" पालक म्हणतात, "दोनच मिनिटे तर थांबतो. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर पोराला उतरवायचे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. आणि तुमचीही मुले याच शाळेत जातात ना?" दोन्ही म्हणणी खरी आहेत. एक बाजू उघड खोटी असती, तर या प्रश्नाचा निकाल पोलिसचौकीत लागला असता. त्यासाठी विचार करीत बसण्याचे कारणच उरले नसते.

कायद्याला विचारावे, तर तो फार पुढे नेत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागेची व्याख्या आहे. जेथे जनतेला प्रवेशाचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा, असे ती सांगते. आपला वाद तर तो हक्क आहे की नाही याच मुद्द्यावर अडलेला आहे! दहिसरच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निकाल दिला, की इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागा बिल्डरला गॅरेज म्हणून वेगळी विकता येत नाही; ती सर्वांच्या सामाईक वापराची आहे. हा निकाल आपल्याला मनापासून आवडतो. बिल्डरपुढे आपण सामाईकपणाची बाजू घेतो. परंतु त्या सामाईकपणाची हद्द आपल्या फाटकाशीच संपते असे एकदा मनाशी धरले, की तेच आपले सभासद मंडळ जुन्या जमीनदाराच्या भाषेत बोलू लागते.

शहरातल्या माणसाला हा तंटा नवा वाटतो. शेतकऱ्याला तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एकाचे शेत दुसऱ्याच्या शेतापलीकडे असते. औत न्यायचे, खत न्यायचे, तर शेजाऱ्याच्या हद्दीतून जाण्यावाचून गत्यंतर नसते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतले १४३ वे कलम याच अडचणीसाठी आहे. अशा शेतकऱ्याने दाद मागितली, तर तहसीलदाराने चौकशी करून दुसऱ्याच्या बांधावरून त्याला वाट आहे की नाही ते ठरवावे, आणि ठरवताना शेतात पोचण्याची त्याची वाजवी गरज ध्यानात घ्यावी, असे ते सांगते. या कलमात मला मोठे शहाणपण दिसते. ज्याला गरज आहे त्याला "जमीन माझी आहे" एवढेच सांगून वाटेला लावता येत नाही. पण वाट मिळते ती बांधावरून. कोणाच्या उभ्या पिकातून नव्हे. गरजेचा मान राहतो आणि मालकाचे नुकसानही कमीत कमी होते.

हीच कसोटी आपल्या रस्त्याला लावून पाहावी. येथे गरज कोणाची आहे, आणि कशाची? मूल शाळेत सुखरूप पोचावे, ही गरज खरी आहे. शिक्षणहक्काच्या कायद्याखाली केंद्राने २०१० साली जे नियम केले, त्यांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा चालत जाण्याजोग्या एक किलोमीटरच्या अंतरात असावी असे म्हटले आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुलाचे पाय होते. मोटार जिन्यासमोर उभी करणे ही मुलाची गरज नव्हे. ती बहुधा वडिलांच्या कचेरीच्या वेळेची सोय असते. तेव्हा चालत येणाऱ्या मुलाला वाट द्यावी, मग ते कोणाचे का असेना. आणि चाकांनी त्या पाऊण तासापुरते फाटकाबाहेर थांबावे. इटलीतल्या बोल्झानो शहराने १९८९ पासून अशीच काहीशी रीत पाडली: शाळा भरताना आणि सुटताना थोडा वेळ शाळेपुढचा रस्ता मोटारींना बंद ठेवायचा. पुढे युरोपातल्या इतर शहरांनीही ती उचलली.

नियम केला म्हणजे विवेकाला सुट्टी मिळाली असे नाही. एखादे मूल चाकाच्या खुर्चीतून येते. जुलैच्या धो-धो पावसात पहिलीतले पोर दप्तर सांभाळीत चालू शकत नाही. पाच-सहा मुलांना एकदम घेऊन येणारा रिक्षावाला आणि एकट्या मुलासाठी आणलेली मोठी मोटार, यांना एकाच मापाने मोजणेही न्यायाचे नाही. फाटकावरच्या माणसाला एवढे तारतम्य ठेवण्याची मुभा असावी.

त्या "दोन मिनिटां"विषयीही बोलले पाहिजे. दोनशे मोटारी आल्या असे धरू. प्रत्येकीने दोन मिनिटे घेतली, तर त्या रस्त्यावर एका सकाळी सहा तास चाळीस मिनिटे ठाण मांडले गेले. प्रत्येकाच्या मनात मात्र आपलीच दोन मिनिटे असतात, उरलेला हिशेब दुसऱ्याचा असतो. भीतीचेही तसेच आहे. रस्त्यावर मोटारी फार, म्हणून मुलाला मोटारीतून आणायचे. आणि आपणही मोटार आणली, की चालत येणाऱ्या शेजारच्या मुलाची भीती तेवढ्याने वाढते. मग त्याचे वडीलही उद्या मोटार काढतात. यात कोणीही दुष्ट नाही. प्रत्येक जण आपल्या लेकराला जपतो आहे, आणि सगळे मिळून सगळ्या लेकरांचा रस्ता धोक्याचा करीत आहेत.

या भांडणात खरोखर होरपळतो तो वॉचमन. आत सोडले तर सेक्रेटरी रागावतात, अडवले तर मोटारीतले साहेब "तू मला ओळखत नाहीस" म्हणून अंगावर येतात. मागच्या सीटवर, गणवेश घालून, डबा मांडीवर घेऊन बसलेले मूल हे सारे ऐकत असते. शाळेत त्या दिवशी नागरिकशास्त्राचा तास असेल किंवा नसेल; त्याचा धडा फाटकातच होऊन गेलेला असतो. आपल्याहून दुबळ्या माणसाशी कसे बोलायचे ते वडिलांनी दाखवलेले असते, आणि पुस्तकातल्या धड्यापेक्षा तो जास्त लक्षात राहतो.

सभासदांनाही एक धोका आहे. आज फाटक मोटारींना बंद होते. उद्या ते भाजीवालीला बंद होते, परवा चालत येणाऱ्या मुलांना, आणि मग "बाहेरचे" हा एकच शब्द सर्वांना पुरतो. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. तो प्रश्न मोटारींच्या कटकटीहून कितीतरी खोल होता. दोन्ही एका तराजूत घालण्याचा माझा हेतू नाही. परंतु हौद त्यांचा स्वतःचा होता, आणि खुला केल्याने त्यांची मालकी रेसभरही उणी झाली नाही, एवढे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जे आपले आहे ते काही वेळ, काही मर्यादेत दुसऱ्याच्या गरजेसाठी मोकळे ठेवता येते. तसे ठेवणारा मालक मालकच राहतो.

शाळेनेही अंग चोरून चालणार नाही. तिची जबाबदारी तिच्या कुंपणाच्या आत सुरू होते हे खरे, पण घंटेची वेळ तीच ठरवते. लहानमोठ्या वर्गांची वेळ पंधरा मिनिटे मागेपुढे केली, फाटकाशी दोन शिक्षक उभे राहिले, तर अर्धी गर्दी आपोआप ओसरेल. संस्थेचे चिटणीस, मुख्याध्यापक आणि चार पालक एकदा चहाला एकत्र बसले, तर कागदी नोटिशींनी जे वर्षभर साधत नाही ते तासाभरात साधण्याचा संभव आहे.

सध्या दिवाळीची सुट्टी आहे. तो रस्ता मोकळा आहे. त्याच्या कडेला मुलांनी मातीचे किल्ले केले आहेत, आणि फराळाची ताटे फाटकाच्या आतबाहेर ये-जा करीत आहेत. त्या ताटांना कोणी पास मागत नाही. सुट्टी संपली की मोटारी पुन्हा येतील आणि तीच सकाळ पुन्हा सुरू होईल. त्याच्या आधी, मुले सुट्टीवर असतानाच, मोठ्यांनी बसून बांध कोठे आणि पीक कोठे हे ठरवून टाकले, तर बरे होईल.