शोक, श्रद्धा आणि दोषारोप

शंका : अकोला जिल्ह्यातील एका ख्रिस्ती कुटुंबातील कर्ता मुलगा दीर्घ आजारानंतर निवर्तला. त्याच्या आईला शोक आवरत नाही. पुनरुत्थानावर विश्वास असणाऱ्याने रडू नये, असे मंडळीतील काही जण म्हणतात. बाहेरगावच्या एका प्रचारकाने तर घरात लपलेले पाप असल्यामुळेच प्रार्थना फळली नाही, असे सांगितले. शोक हा अविश्वास मानावा काय?

समाधान : मानू नये. रडण्यास मनाई करणारे बहुधा थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाचा आधार घेतात. परंतु ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नये, असे पौल तेथे सांगतो, म्हणजे तो निराशेला मनाई करतो, शोकाला नव्हे. पुनरुत्थान, म्हणजे मृतांचे ख्रिस्तात पुन्हा उठणे, ही भविष्याविषयीची आशा आहे आणि ती आजची रिकामी जागा भरून काढते असा दावा पौलाने कोठेही केलेला नाही. उलट फिलिप्पैकरांस लिहिताना, आपला सहकारी एपफ्रदीत मरणोन्मुख आजारातून वाचला नसता तर आपल्यावर दुःखावर दुःख आले असते, हे तो संकोच न करता मान्य करतो. लाजराच्या कबरेपाशी येशूने ढाळलेले अश्रू प्रश्नकर्त्यास ठाऊकच आहेत.

प्रचारकाचे म्हणणे मात्र अधिक गंभीर आहे, कारण त्यात शोकग्रस्त आईलाच आरोपी केले जाते. त्याचा हिशोब खरा मानला तर पंडिता रमाबाईंना मोठ्या पापी ठरवावे लागेल : 1870 च्या दशकातील दुष्काळाच्या काळात त्यांचे आईवडील व थोरली बहीण गेली, 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधवी गेले आणि जुलै 1921 मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली, तरीही केडगावच्या मुक्ती मिशनचे व बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. वऱ्हाडापुरते बोलायचे तर 1899-1900 च्या दुष्काळात पोरकी झालेली मुले अकोला व खामगाव येथील मिशनच्या अनाथाश्रमांत आली. त्यांच्या आईबापांना पावसाने दगा दिला व धान्य महागले म्हणून मरण आले, आणि त्या मृत्यूंमागे पाप शोधणे हा मृतांचा अपमान होय.

असे प्रचारक आजाऱ्याच्या घरी बरे होण्याची हमी देतात, तिच्याबद्दल ‘विश्वासाचे दान’ स्वीकारतात आणि रोगी दगावला की दोष कुटुंबाच्या श्रद्धेवर ढकलतात. गुण आला तर कीर्ती प्रचारकाची आणि न आला तर पाप घरच्यांचे, अशा या व्यवहाराला प्रार्थना म्हणता येत नाही. डॉक्टरांचे औषध बंद करावयास लावणाऱ्यास तर दारातूनच परत पाठवावे.

हीच कठोरता मंडळीने स्वतःच्या चालीरीतींनाही लावावी. तेरावे पाळत नाही असे अभिमानाने सांगणारी कुटुंबे स्मरणसभेच्या नावाखाली गावजेवण घालतात आणि आजारपणाच्या उपचारांनी आधीच पोखरलेल्या घरावर नवे कर्ज चढवतात. खरिपाच्या पिकावर संसार चालणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत अशा कर्जाचा अर्थ कोणालाही सांगावा लागत नाही. चाल नव्या नावाने आली म्हणून ती ख्रिस्ती होत नाही. प्रार्थना, एक उपासना आणि घरच्यांपुरते साधे जेवण एवढे पुरे आहे. दूरच्या पाहुण्यांचा स्वयंपाक मंडळीतील घरांनी वाटून घ्यावा.

तेव्हा त्या आईला रडू द्यावे, तिच्यापुढे वचनांची यादी वाचू नये, आणि तिच्यावर पापाचा आरोप करणाऱ्या प्रचारकास पाळकाने मंडळीच्या व्यासपीठावर पुन्हा स्थान देऊ नये.