रिकामं ताट

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी एक धडा असतो. पेशंटनं काय खाल्लं, किती पाणी प्यायलं, लघवी किती झाली, संडास झाली का, हे रोज बघायचं आणि लिहायचं. मला तो फार कंटाळवाणा वाटायचा. 'जेवलात का?' हा काय शिकायचा प्रश्न आहे? आपल्याकडं दारात आलेल्या कुणालाही तो विचारतात.

सोलापुरात एका रुग्णालयात नोकरी लागली, त्या पहिल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. बाहेर पारा चाळिशीच्या वर. वॉर्डात सत्तरीच्या एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशनची वाट बघत पडून होत्या. आयुष्यभर विड्या वळलेल्या. सोबतीला एकुलता एक मुलगा, यंत्रमागावर काम करणारा. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली.

मी रोज विचारायचे, "आजी, जेवलात?"

"जेवले की."

"संडास झाली?"

"झाली की गं बाय."

ताट रिकामं असायचं. मी चार्टवर लिहायचे : आहार पूर्ण, लघवी होते, शौच एकदा. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी सकाळी आजी गुंगीत होत्या. मुलाला भलत्याच नावानं हाक मारत होत्या. आमच्या मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी आजींची जीभ बघितली, ती कोरडी ठाक. पोटावर हात ठेवला, पोट फुगून टणक झालेलं. मग मला विचारलं, "लघवी किती मिली?" माझ्याकडं आकडा नव्हता. 'होते' एवढंच लिहिलं होतं.

मोठ्या माणसाला दर किलो वजनामागं तासाला निदान अर्धा मिली लघवी व्हायला हवी. आजींचं वजन ४२ किलो. म्हणजे सहा तासांत सव्वाशे मिलीच्या आसपास तरी. आम्ही मोजली तेव्हा जेमतेम साठ भरली, तीही गडद. संडास तर चारही दिवस झालेली नव्हती. पडून राहणं, वेदनेची औषधं, पाणी कमी, अन्न कमी. या सगळ्यानं मळ आत घट्ट होतो, आणि म्हाताऱ्या माणसाचं डोकं त्यानंही भ्रमतं. डॉक्टरांनी सलाइन लावलं, एनिमा सांगितला. दुसऱ्या दिवशी आजी भानावर आल्या.

त्या रात्री त्यांनी मला खरं सांगितलं. ताट मुलगा संपवायचा. "मला भूक न्हाई, वाया जाईल, तू खा," असं त्याच त्याला म्हणायच्या. तो बाहेर जेवला तर पैसे जातात, आणि न जेवता राहतो, हे त्यांना माहीत होतं. आणि पाणी? बेडपॅन घ्यायला कंबर उचलली की कळ यायची. मावशी सगळ्या वॉर्डाला एकच. ती नसली की भांडं मुलाला द्यावं लागायचं. "पोराच्या हातात कसं द्यायचं गं?" म्हणून दुपारनंतर पाणी बंद. खाल्लंच नाही, प्यायलंच नाही, तर जायला कशाला लागतंय, असा त्यांचा हिशोब.

शेवटी म्हणाल्या, "त्येला सांगू नगंस."

हा हिशोब धडधाकट बायकांनाही पाठ आहे. लांबच्या एसटीत बसायच्या आधी पाणी न पिणारी बाई तुमच्या घरात असेल, कदाचित ती तुम्हीच असाल. मुंबईत २०११ साली बायकांसाठी मोफत आणि स्वच्छ मुताऱ्या मागणारी 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली, ती याच दुखण्यातून. जायची सोय नसली की माणूस आधी पिणं सोडतो. पुस्तकात आहार आणि उत्सर्जन हे दोन वेगळे धडे होते. आजींच्या अंगात ते एकच होते.

मला छळणारा प्रश्न वेगळा होता. एका शहाण्या, वयस्कर बाईनं आपला घास लेकाला द्यायचं ठरवलं, तर मी कोण मध्ये पडणारी? तिचं शरीर, तिचं अन्न, तिची लाज. तिनं सांगितलं तेच मी लिहिलं, मग चुकलं कुठं?

बरेच दिवस मी स्वतःची अशी समजूत घालत होते. पण ते खरं नाही. आजींनी काही मोकळेपणानं निवडलं नव्हतं. एक ताट आणि दोन भुकेली माणसं, खाटेला पडदा नाही, मदतीला बाई नाही. यातून जे उरतं ते त्यांनी घेतलं. ही अडचण मला दिसली असती, तर त्यातलं थोडं तरी बदलता आलं असतं. आणि नंतर ते बदललंही. पडदा आला, ठरावीक वेळांना मावशी भांडं द्यायला लागली, मोठ्या सिस्टरांनी स्वयंपाकघरात बोलून मुलासाठी दोन भाकरी जास्तीच्या मागवल्या. हे प्रत्येक पेशंटसाठी जमतं असं नाही. पण 'आहार पूर्ण' असं लिहिलं की ते जमवायचा प्रश्नच उरत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ सालच्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये हे ओळखलं होतं. अन्न समोर असूनही रोगी उपाशी राहतात, कारण ते त्याच्या पोटात गेलं का, हे कुणी बघत नाही, असा तिचा आक्षेप होता. ती न संपलेल्या ताटाबद्दल बोलत होती. मला रिकामं ताट फसवून गेलं.

आजींचं गुपित मी मुलाला सांगितलं नाही. चार्टवर मात्र खरं लिहिलं. लाज झाकायला पडदा असतो, चार्ट नव्हे. तो पुढच्या पाळीच्या सिस्टरचे डोळे असतो. त्यावर खोटं लिहिलं की तिलाही दिसत नाही.

ऑपरेशन दोन दिवस पुढं गेलं. दोन दिवसांची मजुरी बुडाली. जी वाचवायला आजी उपाशी राहिल्या, तीच.

मुलानं मला विचारलं, "असं कसं झालं, सिस्टर? मी तर रोज विचारत होतो, आई, जेवलीस का."

मी म्हटलं, "मीपण."

आता मी असं विचारत नाही. ताट समोर येतं तेव्हा खाटेपाशी थांबते आणि पहिला घास कुणाच्या तोंडात जातो ते बघते.