फिडल जाळणाऱ्यांचे गाणे

एग हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचे चिमुकले बेट. एकोणिसाव्या शतकात तिथे एक म्हातारा फिडलवादक राहत होता. तरुणपणी त्याने बापाच्या गोठ्यातली सर्वांत चांगली गाय देऊन फिडल मिळवले होते. ते प्रसिद्ध व्हायोलिनकार स्ट्रादिव्हारीच्या एका शिष्याने घडवलेले आहे, असे लोक सांगत. पुढे एका धर्मोपदेशकाने त्याला चारचौघांत फैलावर घेतले. केस पिकले तरी सैतानाचे वाद्य वाजवत बसतोस, असा एकंदर सूर. घरचेही मागे लागले: जाळून टाक ते. शेवटी एक फेरीवाला आला आणि दहा शिलिंगांत फिडल घेऊन गेला. किंमत कमी आली म्हणून म्हातारा कष्टी नव्हता, वाद्य हातचे गेले म्हणून होता. त्यानंतर त्याला कुणी हसताना पाहिले नाही.

ही हकिकत अलेक्झांडर कारमायकेल यांनी 1900 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कार्मिना गॅडेलिका’ या संग्रहाच्या प्रस्तावनेत दिली आहे. कारमायकेल अबकारी खात्यात नोकरीला होते. बेटाबेटांवर कामानिमित्त हिंडताना त्यांनी गॅलिक भाषेतल्या प्रार्थना, मंत्र, दूध काढतानाची आणि रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकतानाची गाणी टिपून घेतली. मिळालेल्या मजकुरावर त्यांनी बराच हात फिरवला, असा आक्षेप विसाव्या शतकात अभ्यासकांनी घेतला, आणि त्यात तथ्य आहे. तेव्हा म्हाताऱ्याच्या दुःखाला चार आणे सूट द्यायला हरकत नाही. पण चित्र खोटे नाही. लुईस बेटाच्या उत्तर टोकाला नेस भागातल्या एका बाईने कारमायकेलना सांगितले, की भल्या पाद्र्यांनी गाणी, गोष्टी, नाच सगळे बंद करवले; लोकांना आपापली वाद्ये मोडून जाळायला लावली आणि जो ऐकेना त्याची स्वतः मोडली. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. त्या पाद्र्यांबद्दल तिला आदरच होता.

स्काय बेटावर डोनाल्ड मन्रो नावाचा एक अंध माणूस होता. आधी तो फिडल वाजवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला धर्माची ओढ लागली आणि तो गावोगाव शिकवण देत फिरू लागला. त्याच्या सांगण्यावरून लोकांनी स्निझॉर्ट खाडीच्या काठी फिडल आणि बॅगपाइप यांचा ढीग रचून पेटवला, असे परंपरा सांगते. संगीताचा इतका कडवा विरोधक स्वतः वादक निघावा, यात नवल वाटायचे कारण नाही. ज्याला सुरांनी कधी ओढून नेलेच नाही, तो सुरांना कशाला भिईल?

स्कॉटिश लोकसंगीताच्या प्रेमात पडलेल्या माणसाला हा इतिहास कळतो तेव्हा त्याची पहिली प्रतिक्रिया संतापाची असते. बहुतेकजण तिथेच थांबतात. एका बाजूला रसाळ, मोकळे, निसर्गात रमलेले गॅलिक लोक आणि दुसऱ्या बाजूला काळ्या कोटातले नीरस पाद्री, अशी सोपी मांडणी पर्यटनाच्या पुस्तिकांतही सापडते. अडचण अशी, की या संगीतातला कदाचित सर्वांत थरारक आवाज त्या काळ्या कोटवाल्यांच्याच देवळांतून येतो.

लुईसच्या फ्री चर्चमध्ये, म्हणजे त्या काळ्या कोटवाल्यांच्या पंथाच्या देवळात, रविवारी सकाळी काय घडते? व्यासपीठाखाली एक माणूस बसलेला असतो. त्याला प्रिसेंटर म्हणतात. ऑर्गन नाही, पेटी नाही, स्वर द्यायलाही काही नाही. सगळे बसूनच गातात. उभे राहायचे ते प्रार्थनेला. प्रिसेंटर स्तोत्राची पहिली ओळ एकटा उचलतो, हळूहळू एकेक आवाज त्यात मिसळतो. मग पुढची ओळ तो एकदोन स्वरांवर भरभर म्हणून टाकतो आणि ती संपते न संपते तोच सारी मंडळी तीच ओळ संथपणे ओढू लागतात. प्रत्येकजण आपल्या गळ्याने, आपल्या जागा घेत. कुणी स्वराला खालून स्पर्श करतो, कुणी वरून घसरत येतो, कुणी एका अक्षरावर पाचसहा स्वर फिरवतो. वारकरी भजनातही एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे असते, पण तिथे टाळ-मृदंग सगळ्यांना एका ठेक्यात बांधून ठेवतात. इथे ठेकाच नाही. शेकडो माणसे एकच ओळ एकाच वेळी गातात आणि तरी कुणी कुणाच्या नेमके बरोबर नसते. मूळ चाल बहुधा साधी, ‘किलमार्नॉक’ किंवा ‘मार्टरडम’ अशा नावांची. इंग्रजी चर्चमध्ये ती मिनिटभरात गाऊन संपेल. इथे ती ओळखूही येत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, वाऱ्याने उसळलेला समुद्र ऐकतो आहोत. ही उपमा इतक्यांनी वापरली आहे की आता ती वापरायची लाज वाटते, पण दुसरी सुचत नाही हेही खरे.

ही पद्धत आली कुठून? जॉन कॅल्विनची शिकवण अशी, की वाद्ये ही जुन्या कराराच्या काळातल्या मंदिराची गरज होती. आता देवाला शब्द हवेत, तारा नकोत. स्कॉटलंडने 1560 मध्ये हा पंथ स्वीकारला. 1645 मध्ये मंजूर झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या उपासना-नियमांत म्हटले होते, की लोकांना वाचता येत नसेल तिथे एकाने ओळ आधी म्हणावी. स्कॉट मंडळींना ही सोय सुरुवातीला इंग्रजी लुडबुड वाटली होती, आणि मग त्यांनीच ती सर्वांत घट्ट धरून ठेवली! गॅलिकमध्ये पहिली पन्नास स्तोत्रे छापली गेली ती 1659 मध्ये. वाचणारे थोडे, पुस्तके त्याहून थोडी, म्हणून ओळ म्हणून दाखवणे भागच होते. पुढे लोक वाचू लागले, पण पद्धत सुटली नाही. तोवर तिच्यात गळे मुरले होते. गॅलिक गाण्यातल्या जागा आणि हरकती, ज्यांना पाद्री लग्नघरातून हाकलत होते, त्या चर्चच्या मागल्या दाराने येऊन पुढल्या बाकांवर बसल्या. हे कुणी ठरवून केले नाही. कुणाच्या लक्षातही आले नसावे.

दर वर्षी या देवळांत 150 वे स्तोत्र गायले जात असणार. त्यात शिंग, वीणा, डफ, तंतुवाद्ये, झांजा या सगळ्यांनी देवाची स्तुती करा असे सांगितले आहे. वाद्यांची ही सगळी यादी ते केवळ गळ्याने गातात. परक्याला यात विनोद दिसतो. त्यांना दिसत नाही.

पण प्रश्न कॅल्विनच्याही आधीचा आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात तो मांडून ठेवला. चर्चमधल्या गाण्याने आपण पूर्वी रडलो होतो, त्याने श्रद्धा जागी केली होती, हे त्याला आठवते. तरी जेव्हा गायलेल्या शब्दांपेक्षा गाणेच आपल्याला अधिक हलवते, तेव्हा आपल्या हातून पाप घडते, असेही तो कबूल करतो. मग काय करावे, गाणे बंद? तेही त्याला पटत नाही. तो या टोकावरून त्या टोकाला झुलतो आणि शेवटी थोडा गाण्याच्या बाजूला कलतो. त्याची ही घालमेल डोनाल्ड मन्रोच्या शेकोटीपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. मन्रोने तोच प्रश्न काडी लावून सोडवला.

तरीही मन्रोच्या बाजूने एक गोष्ट म्हणावीच लागते. संगीत माणसाला कुठेही नेऊ शकते, हे त्याला ठाऊक होते. आज ‘केल्टिक’ या शिक्क्याखाली विकले जाणारे पुष्कळसे संगीत धुक्याच्या चित्रासकट, मसाज-केंद्रात वाजवायला म्हणून बनते. ऐकणाऱ्याने शांत व्हावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. त्याला जाळावेसे कुणालाच वाटणार नाही, कारण त्याने कुणाचे काही बिघडत नाही. फिडलमुळे आत्मा हातचा जाईल असे मानणारा उपदेशक चूक होता, क्रूरही होता; पण तो फिडलला फर्निचर समजत नव्हता.

आणि हे खूळ फक्त प्रॉटेस्टंटांचे, असे म्हणून सुटता येत नाही. बारा, एरिस्के, साउथ यूइस्ट ही कॅथलिक बेटे गाण्याबाबत जास्त मोकळी राहिली हे खरे. एरिस्केचे फादर ॲलन मॅकडोनाल्ड यांनी तर स्वतःच लोकसाहित्याचे ढीग जमवले. पण स्कॉटलंड सोडून कॅनडातल्या केप ब्रेटनला गेलेल्या कॅथलिकांची गोष्ट वेगळी. माबू गावच्या एका पाद्र्याने एकोणिसाव्या शतकात गावातली फिडल गोळा करून नष्ट केली, अशी आठवण तिथे अजून सांगतात. लोकांनी मोडकीतोडकी वाद्ये त्याच्या हवाली केली आणि चांगली लपवून ठेवली, हा त्या आठवणीचा उत्तरार्ध. 1971 मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीने केप ब्रेटनचा फिडलवादक नामशेष होतो आहे असा माहितीपट दाखवला आणि लोक खवळले. 1973 च्या जुलैत ग्लेन्डेल गावी शंभराच्या वर फिडलवादक एकत्र जमले. त्यात पुढाकार होता तिथले पाद्री फादर जॉन अँगस रँकिन यांचा. एका झग्याने घेतले, दुसऱ्या झग्याने परत दिले.

फ्री चर्चचा एक धागा मुंबई-पुण्यापर्यंत येतो. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले. 1843 मध्ये स्कॉटलंडचे चर्च फुटले तेव्हा ते फ्री चर्चबरोबर गेले. आजचे विल्सन कॉलेज त्यांच्याच शाळेतून वाढले. पुढच्या पिढीत पुण्यात काम करणारे स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकोल यांनी ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम अशा संतांच्या 108 रचना इंग्रजीत आणून 1919 च्या सुमारास पुस्तक काढले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी चर्चमध्ये भजन-कीर्तन रुजवायचा ध्यास घेतला होता. त्यांच्या गीतांचेही इंग्रजी अनुवाद मॅकनिकोल यांनी केले आणि ते इंग्रजी भजनसंग्रहांत गेले. मराठी मातीतले गीत असे परदेशी चर्चमध्ये पोहोचले. लुईसच्या फ्री चर्चमध्ये मात्र ते गाता आले नसते. तिथे बायबलमधल्या स्तोत्रांखेरीज दुसरे काही गायला मनाई होती आणि ती उठायला 2010 साल उजाडले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सभेत बऱ्याच वादानंतर, फार मोठे मताधिक्य नसताना, इतर गीते आणि वाद्ये यांना परवानगी मिळाली. वापरायची की नाही हे ज्या त्या मंडळीने ठरवायचे.

परवानगी मिळाली तेव्हा बाहेरच्या रसिकांपैकी कित्येकांना हळहळ वाटली. आता गिटार येणार आणि तो समुद्र आटणार! इथे रसिकाची स्थिती जरा हास्यास्पद होते. ज्या बंदीला तो शिव्या देत होता, तीच चालू राहावी असे त्याला मनातून वाटू लागते, आणि तेही स्वतः त्या देवाला न मानता. गाणाऱ्यांच्या लेखी हे गाणे कार्यक्रम नव्हे. टाळ्या वाजत नाहीत, वाईट गळ्याला गप्प बसवत नाहीत. 1975 मध्ये एडिंबरो विद्यापीठाच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज या संस्थेच्या संग्रहातून लुईसच्या स्तोत्रांची तबकडी निघाली, 2003 मध्ये लुईसच्या बॅक गावच्या चर्चमध्ये नव्याने ध्वनिमुद्रण झाले. अमेरिकन जाझवादक आणि येल विद्यापीठातले प्राध्यापक विली रफ या गाण्याने इतके भारावले, की कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधले ओळ म्हणून गाणे इथूनच आले, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. 2005 मध्ये त्यांनी येलला दोन्हीकडच्या गायकांना समोरासमोर बसवले. इतिहासकारांना तो सिद्धान्त फारसा मान्य नाही. ओळ म्हणून गाण्याची रीत इंग्लंडच्या चर्चमध्येही होती आणि ती थेट तिथूनही अमेरिकेत गेली. पण दोन्ही गाणी एकामागोमाग एक ऐकली की रफ यांना असे का वाटले, ते लगेच कळते.

मग श्रद्धा नसलेल्याने हे ऐकायचे कसे? ऑगस्टीनच्या मोजपट्टीने तर तो शंभर टक्के पापी: त्याला शब्द कळतच नाहीत, हलवते ते फक्त गाणे. मार्टिन बेनेट या संगीतकाराने याचे दिलेले उत्तर ऐकण्यासारखे आहे. बॅगपाइप आणि फिडल दोन्हींत तो वाकबगार होता. कर्करोगाने हात चालेनासे झाले तेव्हा वैतागून त्याने आपली वाद्ये स्वतःच फोडून टाकली. त्यासाठी कुणा उपदेशकाची गरज पडली नाही. मग उरले ते संगणक आणि जुनी ध्वनिमुद्रणे. भटक्या जमातीतल्या गायिका, गॅलिक गायिका यांचे आवाज घेऊन त्याने 2003 मध्ये ‘ग्रिट’ हा अल्बम काढला. 2005 च्या जानेवारीत तो गेला, वय 33. त्या अल्बममध्ये ‘लिबरेशन’ नावाची एक रचना आहे. नाचघरातल्या ठोक्यांच्या मधोमध 118 वे स्तोत्र येते, लुईसच्या ओढलेल्या गळ्यांत. नेसच्या त्या बाईला हे ऐकवले असते तर तिने कानांवर हात ठेवले असते.

फ्री चर्चच्या कित्येक मंडळ्यांनी 2010 नंतरही वाद्ये घेतली नाहीत. त्यांची अडचण आता दुसरीच आहे. 2022 च्या जनगणनेत पश्चिम बेटांवर गॅलिक बोलणारे प्रथमच निम्म्याच्या खाली गेले, आणि ओळ उचलायला तरुण प्रिसेंटर सहज मिळत नाहीत. ज्यांना ही गायकी शिकायची हौस आहे त्यांतल्या काहींना ती संगीत म्हणून हवी असते, चर्चला ती उपासना म्हणून. अश्रद्ध माणसाला प्रिसेंटरच्या जागी बसवायचे का, हा ऑगस्टीनचाच प्रश्न यापुढे लुईसच्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांपुढे येणार आहे.