शिकल

तलवारीला, कट्यारीला घासून लखलखीत करणे म्हणजे शिकल करणे. मूळ शब्द अरबी, 'सैकल'. फारसीच्या वाटेने तो दख्खनेत उतरला आणि मराठीने तो आपल्या वळणाचा करून घेतला. महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांत शिकलगार हे आडनाव आहे, आणि नांदेडला शिकलकरी शिखांची वस्ती आहे. हत्यारे घडवायची, त्यांची शिकल करायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. १७०८ साली गुरू गोबिंदसिंघजींनी याच गावात गोदाकाठी देह ठेवला आणि गुरुपद गुरू ग्रंथसाहिबाकडे सोपवले. त्यामुळे या गावात शस्त्र घासणे हे काम कारागिरीचे आहे तसेच सेवेचेही आहे. हात आणि दगड यांची जागा आता बऱ्याच ठिकाणी ग्राइंडरने आणि ड्रिल मशीनला लावलेल्या फ्लॅप व्हीलने घेतली आहे. पण साधन बदलले म्हणून या कामातला मूळ प्रश्न सुटलेला नाही, उलट तो जास्त स्पष्ट दिसू लागला आहे. घासल्यावर जी चकाकी येते ती कुठून येते? ती आत होतीच, वरचा मळ गेला म्हणून दिसली, की काही तरी देऊन ती विकत घेतली? चित्तशुद्धीबद्दल आपण बोलतो तेव्हा नेमके हेच विचारत असतो, फक्त समोर पाते नसते.

आधी ते चाक नीट पाहू. मधल्या दांड्याभोवती खरखरीत कापडाच्या पट्ट्या पुस्तकाच्या पानांसारख्या उभ्या लावलेल्या असतात. चाक फिरू लागले की पट्ट्या वाकतात, पात्याच्या वळणावर बसतात, खोलगट जागेतही शिरतात. कडक दगडी चाकाला हे जमत नाही. पट्टीची कड झिजते तसे आतले नवे कण उघडे पडतात. म्हणून ते चाक शेवटपर्यंत कापत राहते, आणि शेवटपर्यंत लहान होत जाते. काम जाड कणांच्या ८० नंबरने सुरू केले तर पात्यावर नखाला लागतील असे ओरखडे उठतात. मग १२०, मग २४०, मग ३२०. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे खोडतो आणि स्वतःचे, थोडे बारीक, मागे ठेवतो. शेवटी बफ, म्हणजे मऊ कापडी चाक, लावला की पाते आरशासारखे दिसते. पण ओरखडे संपलेले नसतात. ते इतके बारीक झालेले असतात की प्रकाश त्यांच्यावर विखुरत नाही आणि डोळ्याला ते दिसत नाहीत, एवढेच. घाई केली तर शिक्षाही लगेच मिळते. चाक एकाच जागी दाबून धरले की पोलाद तापते. सुमारे २२० अंशांवर त्यावर गवती पिवळा रंग येतो, ३०० अंशांच्या आसपास निळा. धार निळी पडली की तिचा कडकपणा गेला. वरून कितीही चमकू दे, ते पाते आता मऊ आहे.

शुद्धीची आपली सगळी भाषा मात्र पुसण्याची आहे. मन आरसा आहे, त्यावर धूळ बसली आहे, ती झटकली की झाले. श्वेताश्वतर उपनिषदात मातीने माखलेले आणि धुतल्यावर तेजाने चमकणारे बिंब आहे, तिथे ही कल्पना चपखल बसते. पण गीतेच्या तिसऱ्या अध्यायात काम ज्ञानाला झाकतो हे सांगताना आरसा येतो, तेव्हा त्यावर 'मळ' आहे. आपण काचेच्या आरशाच्या काळातले लोक, म्हणून त्याचा अर्थ सहज धूळ असा करतो. त्या काळचा आरसा धातूचा होता. धातूच्या आरशावर धूळ बसते, आणि त्याखेरीज धातू स्वतःच काळवंडतो. सुफी परंपरेने ही गोष्ट सरळ सांगितली: हृदयावर गंज चढतो आणि ईश्वराचे स्मरण ही त्याची शिकल. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला त्याच परंपरेतल्या हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा आहे. ज्या प्रदेशात हत्यारांची शिकल होत होती, तिथे हा दृष्टांत समजावून सांगायची गरज पडली नसावी. शैव सिद्धांतानेही आत्म्याच्या मळाला तांब्यावरच्या कळकाची उपमा दिली. धूळ बाहेरून येते. गंज बाहेरून येत नाही, तो लोखंडाचाच झालेला असतो. हवा आणि ओल निमित्त, पण तांबूस भुकटीत जे आहे त्यातले लोखंड कालपर्यंत पात्यात होते. म्हणून धूळ पुसली तर आरशाचे काही जात नाही, आणि गंज काढला तर पाते तेवढे कमी होते.

माझे म्हणणे असे की माणसाचे दोष बहुतांशी गंजाच्या जातीचे असतात. एखाद्याचा संताप पाहावा. अन्याय सहन न होण्याचा जो धातू त्याच्यात आहे, तोच ओल लागून संताप झालेला असतो. लेकरांवरची माया गंजली की तिची आसक्ती होते, नेमस्तपणा गंजला की कद्रूपणा. हे दोष उपटायला निघालेला माणूस त्यांच्याबरोबर चांगल्याचाही थर काढत असतो, आणि तो हे कबूल करत नसेल तर ८० नंबरचे चाक दाबून धरतो. व्रतांच्या, उपासांच्या, त्यागाच्या आवेशात माणसे कोरडी, कठोर होताना दिसतात, त्याचे कारण मला इथे सापडते. त्यांनी मळ काढला हे खरे, पण पाते किती उरले हे पाहिले नाही.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप शंकराचार्यांचा आहे, आणि नवल म्हणजे तो घासण्याचाच दृष्टांत घेऊन येतो. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या सूत्रावरील भाष्यात पूर्वपक्ष विचारतो, की मोक्ष हा आत्म्याचाच झाकलेला धर्म असेल आणि आरसा घासल्यावर त्याची चकाकी प्रकट होते तसा तो क्रियेने प्रकट होत असेल, तर काय हरकत आहे? आचार्य ते मान्य करत नाहीत. क्रिया ज्याच्यावर घडते त्यात बदल केल्याशिवाय ती घडूच शकत नाही. आत्म्यावर क्रिया मानली तर तो बदलणारा, म्हणजे अनित्य ठरेल. या युक्तिवादाने माझे म्हणणे मोडत नाही, बळकट होते. घासणे म्हणजे बदलणे, काही न घालवता घासता येत नाही, हे आचार्यांनी शिकलगाराच्या नेमकेपणाने ओळखले आणि म्हणूनच आत्म्याला त्या चाकाखालून बाजूला काढले. पण चित्त त्यांनी बाजूला काढलेले नाही. कर्माने चित्तशुद्धी होते हे त्यांनाही मान्य आहे, आणि आपली रोजची साधना चित्तावरच चालते. तिथे झीज खरी आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: घासलेच नाही तर गंज सगळे पाते खाईल, त्याचे काय? हे खरेच आहे, आणि नांदेडमध्येच त्याचे उत्तर डोळ्यांसमोर आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिब या गुरुद्वाऱ्याची सध्याची वास्तू महाराजा रणजितसिंहांच्या काळात १८३२ ते १८३७ मध्ये उभी राहिली. आतल्या 'अंगीठा साहिब' या गाभाऱ्यात गुरूंची शस्त्रे जतन केलेली आहेत, आणि दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाच्या वेळी गोदावरीचे पाणी आणून तख्त धुतात, शस्त्रांची सफाई होते. आता साधा हिशेब करावा. यांत्रिक चाकाने दर साली पात्याच्या एका बाजूचा फक्त ०.०१ मिलिमीटर थर गेला असे धरले, तरी ३०० वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून ६ मिलिमीटर जातात. तलवारीचे पाते बहुतेक भागात एवढे जाडही नसते. म्हणजे ज्या सेवेने शस्त्र टिकवायचे, तीच सेवा जोरात केली असती तर आज दर्शनाला मूठ उरली असती. शस्त्रे आहेत याचा अर्थ त्यांना हात लावणाऱ्यांनी कुठे थांबायचे हे पिढ्यान्‌पिढ्या पाळले. न घासणे हाही नाश आणि फार घासणे हाही नाश, हे ज्याला कळते तो चमकेवर नजर ठेवून काम करत नाही.

दगडाच्या बाबतीत आपण हे लवकर विसरतो. देगलूर तालुक्यातल्या होट्टलचे चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर किंवा औसा तालुक्यातली खरोशाची लेणी पाहावीत. खरोशाचा डोंगर जांभ्याचा आहे. जांभा भुसभुशीत, सच्छिद्र. तिथल्या मूर्तींचे चेहरे काळानेच पुसट केले आहेत. अशा दगडावर फ्लॅप व्हील लावले तर चेहरा उजळणार नाही, जाईल. काळ्या पाषाणाचे तसे होत नाही, तो चमकतो, आणि म्हणूनच तिथे मोह जास्त. मराठवाड्यातच नव्हे, सगळीकडे जुन्या देवळांवर ऑइल पेंटचे थर चढवलेले असतात. कुणाला तरी एक दिवस श्रद्धेने वाटते की मूळ दगड मोकळा करावा, आणि ग्राइंडर येतो. रंग जातो, त्याच्याबरोबर पाथरवटाच्या छिन्नीच्या खुणाही जातात. त्या खुणा मळ नव्हत्या. रंग ही धूळ होती, तिला वेगळ्या हाताने, वेळ देऊन उतरवायला हवे होते. श्रद्धा खोटी नसते अशा ठिकाणी. चुकते ते एवढेच की थर कुठे संपला आणि अंग कुठे सुरू झाले हे आधी ठरवलेले नसते. समाजाच्या, भाषेच्या, धर्माच्या शुद्धीकरणातही हीच चूक होते. मराठीतून अरबी-फारसी घासून काढायला निघालो तर 'शिकल' हा शब्दही जाईल, आणि त्या कामाला नाव उरणार नाही.

कुणी म्हणेल, मग थोडेच घासावे, पण एकदाच नीट घासून मोकळे का होऊ नये? रोजचा नेम, रोजचा पाठ, दरसालची वारी कशाला? याचेही उत्तर कारागिराला ठाऊक असते. ताजे घासलेले साधे पोलाद उघडे असते. त्यावर जुन्या तेलाचा थर राहिलेला नसतो, बोटाचा घामही त्यावर डाग पाडतो. पावसाळ्यात गोदाकाठच्या दमट हवेत रात्रभर तसेच ठेवलेले पाते सकाळी तांबूस झालेले असू शकते. म्हणून चाक थांबले की काम संपत नाही. पाते थंड होऊ देतात, त्यावरची भुकटी कापडाने झाडतात, मग दुसरे स्वच्छ फडके तेलात बुडवून, पिळून, मुठीपासून टोकापर्यंत एकाच दिशेने फिरवतात, आणि काही दिवसांनी पुन्हा फिरवतात. या फडक्याने पात्याचा कणही जात नाही.