शांती, न्याय आणि शास्त्रवेत्त्याचे कर्तव्य

शांती म्हणजे कलहाचा अभाव, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. तीस अनुसरून असे प्रतिपादन केले जाते की, शास्त्रवेत्त्याने ग्रंथाचा अर्थ सांगावा; लोकव्यवहारात हात घालू नये, घातल्यास शांततेचा भंग होतो. हा पूर्वपक्ष तपासून पाहणे अवश्य आहे.

१९०१ साली सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर काही मुले उतरली. वडिलांच्या भेटीसाठी ती गोरेगावास निघाली होती. त्यांत बाल भीमराव आंबेडकर होते. शिदोरी सोबत होती. परंतु अस्पृश्यतेमुळे वाटेत पिण्यास पाणी मिळाले नाही, आणि पाण्यावाचून ती रात्र उपाशीच गेली. त्या वाटेवर दंगा नव्हता, कोणी काठी उगारली नव्हती. कलह नव्हता हे खरे. पण तीस शांती म्हणता येईल काय? ज्या निवांतपणात तहानलेल्या लेकरास पाणी नाकारता येते, तो निवांतपणा अन्यायावरचे पांघरूण होय. तेव्हा पूर्वपक्षातील शांतीचे लक्षणच सदोष ठरते.

आता शास्त्रवेत्त्याचा विचार. याच जिल्ह्यात वाई येथे नारायणशास्त्री मराठे, पुढे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा होती. तेथून १९३७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या धर्मकोशात धर्मशास्त्राची वचने विषयवार व कालक्रमाने लावलेली आहेत. वचने अशी ओळीने मांडली की, आचार काळानुसार पालटत आला हे आपोआप दिसू लागते. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी १९३२ च्या पुणे करारानंतर येरवडा तुरुंगात गांधीजींपुढे झालेल्या चर्चेत अस्पृश्यतानिवारणाचा पक्ष शास्त्राधारे मांडला.

येथे शंका अशी की, माणसाच्या हक्कास ग्रंथाची अनुज्ञा कशाला हवी? स्वतः डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिभेदनिर्मूलनाविषयीच्या आपल्या ग्रंथात शास्त्रप्रामाण्यावरच घाव घातला. ही शंका बलवत्तर आहे, आणि ती टाळता येत नाही. समाधान इतकेच की, पंडिताचे विवेचन पीडितास हक्क देत नाही; हक्क त्याचा आहेच. ते विवेचन पीडा करणाराच्या हातातील आधार काढून घेते. ज्याच्या ग्रंथाचे नाव घेऊन पाणी नाकारले गेले, त्याने मौन धरल्यास ते मौन नाकारणाराच्या बाजूने साक्ष ठरते. म्हणून बोलणे हा त्याचा उपकार नव्हे, ते त्याचे ऋण आहे.

परंतु ऋण बोलण्याने पुरते फिटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवू लागली. सांगली जिल्ह्यातील गोटखिंडी गावी १९८० पासून गणेशोत्सवात गणपतीची मूर्ती मशिदीत बसविली जाते. दोन्ही समाजांनी एकमेकांस जागा दिल्याने ते घडते. वाईस जे वचनांतून सिद्ध झाले, ते अशा पंक्तीत व अशा गावी आचरणात उतरते.

यावरून निर्णय असा की, न्यायावाचून शांती नाही. आणि शास्त्रवेत्त्याचे पहिले कर्तव्य, आपल्या ग्रंथाच्या नावाने कोणाचे पाणी तर अडविले जात नाही ना, हे पाहणे होय. अडविले जात असल्यास त्याने प्रथम बोलावे, आणि मग स्वतः घागर उचलावी.